हाताने ढकलायचं लॉनचं मशीन, 11 महिने वापरून झाल्यावर

घेतल्या घेतल्याच लिहिणार होतो, पण राहिलं ते बरंच झालं, कारण पहिल्या महिन्यात मी 5 स्टार दिले असते आणि पावसाळ्यात 1. मशीन 16 इंची, 5 पात्यांचं, ना मोटर ना वायर, ढकललं की चाकांबरोबर पाती फिरतात आणि खालच्या पट्टीवर गवत कात्रीसारखं कापलं जातं. आवाज नुसता खर्रखर्र, सकाळी 6 ला चालवलं तरी घरात कुणी उठत नाही.

कापणी एक नंबर. आधीच्या मोटरवाल्याचं ब्लेड बोथट झालं की गवताची टोकं फाटायची, दोन दिवसांत लॉन भुरकट दिसायचं आणि मी येडा पाणी कमी पडतंय समजून अजून पाणी मारायचो.

पावसाळ्यात मात्र या मशीनने रडवलं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही, म्हणजे दीड इंच ठेवायचं तर सव्वादोन झालं की कापायलाच हवं, आणि पावसात ते माझ्याकडे 4-5 दिवसांत होतं. मी दोन आठवडे बाहेर होतो, आलो तर घोट्याच्या वर गवत, मशीन घातलं की आडवं झोपायचं आणि पुढे गेलं की परत उभं! शेवटी शेजारच्या काकांचं मोटरवालं आणलं, घाईत एकदम खालून मारलं, सगळ्या पिवळ्या काड्या उघड्या पडल्या, पुढचे तीन आठवडे लॉन म्हणजे अर्धवट केलेली दाढी. ओल्या गवतात तर चाकंच घसरतात, त्यामुळे उघडीप बघून दुपारीच काढायचं. आणि एखादी काडी अडकली की मशीन जागेवर थांबतं, हँडल थेट पोटात.

उन्हाळ्यात सुख. उंची सगळ्यात वरच्या खाचेत, अडीच इंच, त्याने मातीवर सावली राहते. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण खोलवर जाईल असं. कापलेलं गवत तिथेच सोडतो, बहुतेक पाणीच असतं त्यात, वाळून गायब होतं आणि थोडं नत्रही परत मिळतं. सोबत आलेली पिशवी अजून पॅकच आहे.

थंडीत वाढ मंदावली तेव्हा धार लावली. पात्यांना घासायची पेस्ट लावून उलटी फिरवायची, मग पट्टीचे स्क्रू थोडे थोडे आवळत कागद घालून बघायचा, कागद पूर्ण लांबीत स्वच्छ कापला की जमलं. जोडताना चाकातली छोटी लोखंडी चावी उलटी बसली, चाकं फिरतायत आणि पाती ढिम्म, अर्धा रविवार त्यात गेला. खोलायच्या आधी फोटो काढून ठेवा!

लव्हाळ्यासाठी याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, वरून कितीही कापा, जमिनीतल्या गाठीतून परत येतो, तिथे खुरपंच. भिंतीलगत 3 इंचांची पट्टीही राहतेच, ती बसून कात्रीने.

4 स्टार. लॉन मोठं असेल किंवा महिन्यातून एकदाच हात लावणार असाल तर घेऊ नका. माझं छोटं आहे, 20 मिनिटांत होतं, आणि काकाही हल्ली बारीक कामाला हेच मागून नेतात.