दोन नोडचा मेश वायफाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोनवर वायफायचे पूर्ण दांडे दिसतात, तरी व्हिडिओ कॉल अडकतो. असा त्रास असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून बघा. लॅपटॉपवरून एक पिंग घरच्या राउटरला, दुसरा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला, दोन्ही एकाच वेळी. राउटरचा पिंग व्यवस्थित येतोय आणि बाहेरचाच तुटतोय, तर दोष लाइनचा. मग कितीही भारी राउटर आणा, फरक पडणार नाही. आमच्याकडे उलट होतं. आतल्या खोलीत राउटरपर्यंतचाच पिंग ३०० मिलिसेकंदांच्या वर उडायचा, सिग्नल उणे ७८ डीबीएमच्या आसपास, म्हणजे कमजोर. मध्ये दोन भिंती आणि लोखंडी कपाट. म्हणून मेश घेतला, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणारी दोन उपकरणं (नोड).

संच वायफाय ६ चा, डुअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालणारा. सेटअप ॲपवरून झटपट झाला. जुना राउटर चालूच ठेवायचा असेल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (नुसतं वायफाय पुरवायचं, राउटरचं काम नाही) टाका, नाहीतर डबल नॅट होतं, म्हणजे पत्ते बदलण्याचं तेच काम दोन राउटर एकामागे एक करतात.

सुरुवातीला आत दांडे वाढले, वेग मात्र फारसा नाही. दुसरा नोड ज्या ५ गिगाहर्ट्झवर पहिल्याशी बोलतो, त्याच बँडवर तुमच्या फोनशीही बोलतो. डेटाचं प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं आणि वेग जवळपास निम्मा होतो. खोक्यावर मोठमोठे आकडे छापणाऱ्या कंपन्या हे ठळकपणे सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. शेवटी दाराच्या चौकटीलगत केसिंग पट्टी मारून दोन्ही नोडमध्ये कॅट ६ नेटवर्क केबल ओढली. तेव्हापासून आतल्या खोलीत पिंग २-३ मिलिसेकंदांवर स्थिर आहे आणि कॉल तुटत नाहीत. केबल ओढणं शक्यच नसेल तर नोडमधल्या संवादासाठी वेगळा बँड ठेवणारा ट्रायबँड संच बघा, हा नको.

आणखी एक प्रकार बरेच दिवस छळत होता. ५ गिगाहर्ट्झ मध्येच गायब व्हायचं आणि मिनिटभराने परत यायचं. लॉग उघडला तर रडार सापडल्याची नोंद! ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनल (बँडचे क्रमांक दिलेले भाग) बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून वापरावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो, आणि तसल्याच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं. चॅनलची ऑटो निवड बंद करून या पट्ट्याबाहेरचा चॅनल ३६ पक्का केला, त्रास संपला. २.४ गिगाहर्ट्झसाठी चॅनल १, ६, ११ पैकी जो मोकळा असेल तो घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.

तक्रारी दोन. जुना फोन खोली बदलली तरी लांबच्याच नोडला चिकटून राहतो, वायफाय बंद-चालू करावं लागतं. आणि फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर चॅनल गुपचूप पुन्हा ऑटोवर जातो, त्यामुळे प्रत्येक अपडेटनंतर सेटिंग उघडून बघावी लागते.