खानापूर भागातलं केबलवाल्याचं फायबर: घ्यावं का?

घ्यावं, पण मोजून. जीपॉन म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून देण्याची पद्धत. तिच्या एका पोर्टचे (केबलवाल्याच्या यंत्रातल्या एका जोडणीचे) सुमारे २.५ जीबीपीएस ३२ घरांत वाटले जातात. सगळे एकदम डाउनलोडला बसले तर घरटी ७८ एमबीपीएस. तसं क्वचितच होतं, म्हणून १०० चा प्लॅन खरंच पुरतो.

खरी अडचण सिग्नलची. ३२ चा स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश ३२ वाटांत विभागणारा भाग) एकटाच सुमारे १७ डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) खातो, वर प्रत्येक सांध्याची गळती. जोडणीच्या दिवशीच पॉवर मीटर (फायबरमधून येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लावायला लावा. आकडा उणे २० डीबीएमच्या आसपास उत्तम. उणे २७ कडे, म्हणजे कमजोर सिग्नलकडे, सरकला असेल तर पैसे देऊ नका, कनेक्टर साफ करून सांधा पुन्हा करायला सांगा. पावसाळ्यात झाडावरून नेलेली तार फांदीनं दबते, मग मोडेमवर लाल दिवा. खांबावरून खांबावर नेलेलीच मागा. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरूनच विचारा.