पावनखिंड की रांगणा?

भाच्याचा फोन आला, "मामा, सहाजण आहोत, डोंगरात मुक्काम करायचाय. पन्हाळा-पावनखिंड करू की रांगणा किल्ला?" दोन्ही वाटा चाललोय, म्हणून सांगतो.

पायपिटीत तुलनाच नाही. पन्हाळ्यावरून म्हाळुंगे, मसाई पठार, करपेवाडी, पांढरेपाणी करत खिंड गाठायची म्हणजे पन्नासेक किलोमीटर, पुरते दोन दिवस. चढ अवघड नाहीत, पण तांबड्या चिखलानं बूट जड होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ओला मोजा पायात चढवताना नको वाटतं. तरी ही वाट पावसातच चालावी. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते अशाच पावसात, रात्री. मसाईवर धुक्यात पुढचा गडी दिसेनासा झाला की ते अंगावर येतं.

रांगण्याला पाटगावापुढच्या भटवाडीतून काही तासांची जंगलातली चाल.

मुक्कामाचं म्हणाल तर पहिल्या वाटेवर वाडीत कुणाच्या सोप्यात पथारी आणि गरम भाकरी-आमटी, आधी सांगून ठेवलं तर. रांगण्यावर शिधा, भांडी, तंबू सगळं पाठीवर. तळ्याचं पाणी उकळूनच प्या.

पन्हाळ्याला एसटी आहे, परतीची गाडी मात्र आधीच ठरवा. रांगण्याला गारगोटीमार्गे स्वतःची गाडीच बरी.

चालायची सवय असेल, इतिहासाची ओढ असेल, तर जुलैत पावनखिंड. नवखे सोबती असतील, तंबू ठोकून निवांत गप्पा मारायच्या असतील, तर डिसेंबरात रांगणा. भाच्याच्या चमूत दोघं पहिल्यांदाच येतायत; त्यांना मी रांगणाच सांगितला.