ट्रायपॉड, केबल रिलीज आणि आतषबाजीची रेघ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातून मी अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि वायरचा केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडायचं बटण) घेतला. ट्रायपॉड साडेपाच हजारांचा, केबल साडेतीनशेची. कॅमेरा जुनाच, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी लहान असलेला) डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स. त्यानंतर विसर्जन, लक्ष्मीपूजन, ३१ डिसेंबर आणि मामेभावाच्या लग्नाची वरात, एवढ्या ठिकाणी हे सामान माझ्या खांद्यावर होतं.

आधीच्या दिवाळीत मी हातात कॅमेरा धरून, आयएसओ, म्हणजे प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता, ६४०० ठेवून आतषबाजीचे फोटो काढले होते. आभाळात नुसते ठिपके आले. नंतर कळलं की आपण डोळ्यांनी जे फूल पाहतो ते एका क्षणात नसतंच. ठिणगी मधून निघून कडेपर्यंत जाते, ती वाट कॅमेऱ्यात उतरायला दोन-चार सेकंद शटर उघडं लागतं. तेवढा वेळ हात स्थिर राहणं शक्य नाही, म्हणून हा खर्च.

माझी मांडणी आता ठरलेली आहे. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ते एफ ११ (आकडा मोठा तसं छिद्र लहान), शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबलेलं असेल तोवर उघडं, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला मला दोन सण लागले. ठिणगी सेन्सरच्या कुठल्याही एका ठिकाणी क्षणभरच असते, पुढच्या क्षणी ती सरकलेली असते. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं म्हणून ती उजळ होत नाही. तिची उजळी अ‍ॅपर्चर आणि आयएसओच ठरवतात. शटरचा वेळ ठरवतो ते एका फोटोत किती फुलं येणार आणि मागच्या इमारती किती दिसणार. एफ ४ वर फटाक्याच्या दारूतल्या स्ट्राँशियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा, दोन्ही पांढरे पडतात. एफ ११ वर रंग टिकतो. तांब्याचा निळा मुळातच मंद, त्याच्यासाठी मी एफ ८ च्या पुढे जात नाही.

केबलबद्दल थोडक्यात सांगते. बटण दाबून पुढे सरकवलं की लॉक होतं, बोट अवघडत नाही, सेल लागत नाही. वाऱ्यात वायर ट्रायपॉडच्या पायावर टकटक आपटते, म्हणून ती वेल्क्रोच्या पट्टीने बांधून टाकते. बाण जमिनीवरून सुटला की शटर उघडायचं, फूल विझलं की बंद. आवाजाची वाट पाहिलीत तर चुकलात. शिवाजी पार्कात फुटलेल्या शॉटचा आवाज आमच्या गच्चीवर दोन सेकंदांनी येतो, म्हणजे अंतर जवळपास सातशे मीटर, आणि तोवर निम्मं फूल झडलेलं असतं.

आता लक्ष्मीपूजनाची रात्र. आमची इमारत दादर पश्चिमेला, सात मजली. ट्रायपॉड गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ लावला, कारण तिथून झाडांच्या वरून पार्काचं आभाळ मोकळं दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती, त्यामुळे आठला दहा मिनिटं असताना मी तयार होते. पहिले पंचवीस फोटो काढले आणि स्क्रीनवर मोठे करून पाहिले. पाच-सहा फोटोंत प्रत्येक रेघ लहरत होती, शिवणयंत्राने घातलेल्या नागमोडी टाक्यासारखी. बाकीचे फोटो स्वच्छ. वारा नव्हता, मी हात लावला नव्हता. ट्रायपॉड खराब निघाला असं वाटून पोटात गोळा आला.

शेजारचे काका खुर्ची टाकून बसले होते. त्यांना स्क्रीन दाखवली. ते थोडा वेळ कान देऊन बसले आणि म्हणाले, "अगं, लिफ्टचं मशीन बघ की कुठंय. तुझ्या पायाखालीच." खरंच, टाकीला लागून मशीन रूम. फराळाची ताटं घेऊन लोक मजले चढत-उतरत होते, आणि लिफ्ट सुटली की स्लॅब बारीक थरथरत होता. पायाला ते जाणवतसुद्धा नव्हतं. ट्रायपॉड उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, खालून कॉलम वर येतो त्या कोपऱ्यात नेला. नंतरच्या चाळीस फोटोंत एकही रेघ लहरली नाही. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी पायाखालचं बघते. रेल्वेचा पादचारी पूल, फ्लायओव्हरचा कठडा, पत्र्याची शेड, लाकडी स्टेज, इथे कितीही महाग ट्रायपॉड असला तरी उपयोग नाही.

त्या रात्रीपासून मी फोटोतली रेघ वाचायला लागले. रेघ लहरते तेव्हा काहीतरी हललेलं असतं. सरळ पण जाड आणि मऊ दिसते तेव्हा फोकस चुकलेला असतो. सरळ, जाड आणि मधोमध पांढरी असेल तर अ‍ॅपर्चर फार उघडं होतं. सगळं ठीक असूनही रेघेभोवती पिठूळ उजेड असेल तर तो धूर. धुराला इलाज नाही, लवकर सुरुवात करणं आणि वारा आपल्या पाठीवर घेणं एवढंच हातात असतं. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणून चौपाटीवरच्या दारूकामाचा धूर रस्त्याकडे ढकलला जातो. अशा वेळी पाण्याच्या बाजूला, वाळूवर उभं राहिलेलं बरं.

फोकसचा भाग सर्वांत जास्त फोटो घालवतो. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. माझ्या लेन्सवर अंतराचे आकडेही नाहीत. परळच्या टॉवरांच्या माथ्यावर विमानांसाठी लाल दिवे असतात. लेन्स मॅन्युअलवर टाकायची, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, तो दिवा दहापट मोठा करायचा, फोकसची रिंग फिरवत तो सर्वांत लहान ठिपका होईपर्यंत आणायचा आणि रिंगवर चिकटपट्टी. झूम बदललं की या लेन्सचा फोकस सरकतो, तेव्हा हे सगळं पुन्हा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे काढणारी सोय) हेही बंद, नाहीतर चार सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी चार सेकंद अडून बसतो आणि उत्तम शॉट नेमका तेव्हाच फुटतो.

ट्रायपॉडबद्दलच्या तक्रारीही सांगायला हव्यात. पाय उत्तम आहेत, चार टप्प्यांचे, फिरवून घट्ट होणारे. दुखणं आहे ते बॉल हेडचं, म्हणजे कॅमेरा ज्या फिरत्या गोळ्यावर बसतो त्याचं. कॅमेरा उभा लावला की घट्ट पिळूनही तो मिनिटाभरात केसभर खाली उतरतो. आठ सेकंदांच्या फोटोत आतषबाजीत ते कळत नाही, पण खालच्या इमारतींच्या खिडक्या दुहेरी दिसतात. मी आता उभ्या चौकटीसाठी फ्रेम ठरवते, हेड आवळते, पुरते दोन मिनिटं थांबते आणि मगच सुरुवात करते. मधला दांडा मी कधीच वर काढत नाही. तो काढला की तीन पायांवर चौथी काठी डोलायला लागते. दांड्याखालच्या हुकला बॅग अडकवावी असं सगळे सांगतात. वाऱ्यात ती बॅगच झोके घेते, म्हणून ती जमिनीला टेकेल इतपत खाली सोडते. कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू दर दोन-तीन तासांनी सैल होतो. नाण्याने आवळता येतो, एक रुपया कायम खिशात असतो.

विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय रोवले होते. ओली वाळू फार चांगली धरते, पण पाण्याच्या फार जवळ नको. लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि फ्रेम नकळत कलते. घरी आल्यावर सांध्यांत किरकिर आवाज यायला लागला. पाय पूर्ण उघडून, टप्पे वेगळे करून, नळाच्या गोड्या पाण्याखाली धुतले, रात्रभर वाळवले, थोडं ग्रीस लावलं. खारं पाणी तसंच राहिलं असतं तर लॉक जाम झाले असते. ट्रायपॉडच्या एका पायाचा रबरी बूट मात्र त्या वाळूत गेला. दुकानात नुसता बूट मिळत नाही म्हणाले, मी काठीचं रबर बसवलं, ते अजून टिकून आहे.

३१ डिसेंबरला मरिन ड्राइव्हवर गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशात नववर्षासाठी ११.५५ ते १२.३० ही वेळ होती, म्हणजे पस्तीस मिनिटंच. गर्दीत तीन पाय पसरायला जागा नसते. पाय जवळ घेऊन कठड्याला टेकवले, दुसरीकडे माझी भाची उभी राहिली. "मावशी, आता कुणी धक्का मारणार नाही," म्हणाली आणि पस्तीस मिनिटं हलली नाही. बारा वाजता बंदरातल्या जहाजांचे भोंगे वाजले. चौपाटीच्या बाजूला तीन-चार बाण एकामागून एक सुटले. शटर उघडंच ठेवलं, दोन बाणांमधल्या अंधारात लेन्ससमोर काळं कार्डशीट धरलं, लेन्सला स्पर्श न करता. अकरा सेकंदांच्या त्या एका फोटोत चार फुलं आहेत, आणि मोठा करून पाहिला की मलबार हिलवरच्या खिडक्यांच्या चौकटी मोजता येतात. त्याचा प्रिंट भाचीच्या खोलीत लावला आहे.

आता पावसाळा तोंडावर आहे. ट्रायपॉड धुऊन, सगळे लॉक सैल सोडून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात ठेवला आहे. गणपतीच्या आत नवीन बॉल हेड घ्यायचं आहे, पाय हेच राहतील.