फॉल्टचा नकाशा वेबवर: लीफलेट की मॅपलिब्रे?

जेम (ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल) फाउंडेशनचा जगभरातल्या सक्रिय फॉल्टचा (जमिनीतल्या भेगा, जिथे खडक सरकून भूकंप होतात) डेटा गिटहबवर फुकट मिळतो, साधारण 13,500 फॉल्ट आहेत, आणि लीफलेटमध्ये (वेबवर नकाशे दाखवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, मॅपलिब्रेही तशीच) ती अख्खी जिओजेसन (नकाशाच्या डेटाची) फाइल टाकली की नकाशा लगेच तयार, पण साध्या मोबाइलवर झूम करताना जाम अडकतो (प्रीफरकॅनव्हास ही सेटिंग ट्रू केली की जरा सुधारतो). मॅपलिब्रेत व्हेक्टर टाइल्स (नकाशाच्या डेटाचे छोटे चौकोनी तुकडे) असल्या की समोरचा भाग तेवढाच लोड होतो, एकदम स्मूथ. टाइल्स मात्र आधी बनवाव्या लागतात.

नुसता हिमालयाचा पट्टा दाखवायचा तर लीफलेट बास, जगाचा नकाशा असेल तर मॅपलिब्रेच घ्या. काहीही घ्या, पण क्लिकवर फॉल्ट सरकण्याचा वेग दाखवताना डेटात जिथे किमान-कमाल दिलंय तिथे तेही दाखवा राव, एकच आकडा दिसला की लोक तोच पक्का धरतात.