कॅरॅव्हॅन ट्रेलर: एक पावसाळा, अनमोड घाट आणि हंपीपर्यंतची पहिली लांब ट्रिप

कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन बरेच महिने झाले, एक अख्खा पावसाळा त्याने आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या अंगणात काढला आणि मग हंपीला जाऊन आला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सिंगल ॲक्सल (म्हणजे एकच आस, दोनच चाकं), १४ फुटी, रिकामा ७०० किलोच्या आसपास, मागे दोघांचा बेड, पुढचे बाक जोडले की मुलांचा, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रीज आणि पोर्टापॉटी (उचलून नेता येणारं छोटं टॉयलेट). ओढायला घरचीच डिझेल एसयूव्ही. लोक दोनच गोष्टी विचारतात, एसी आहे का आणि ॲव्हरेज किती. एसी आहे पण तो १५ अँपियरच्या सॉकेटवरच चालतो, बॅटरीवर चालेल अशी आशा सोडा, आणि ॲव्हरेज १४ चा ९ वर आला. पण खरा प्रश्न कोणी विचारतच नाही, तो म्हणजे रात्री ही वस्तू उभी कुठे करणार. आमचं सगळं प्लॅनिंग शेवटी त्याच्याभोवतीच फिरलं.

आधी वजनाचं सांगतो कारण त्यात हयगय करून चालत नाही. गोव्यात खाणींमुळे आमच्या भागात वजनकाटे आहेत, तिथे सामान भरून ट्रेलर चढवला तर ९०० च्या वर गेला. भांडी, गाद्या, सिलिंडर, नारळ, तांदूळ, आईने दिलेली लोणच्याची बरणी, सगळं धरून. आता यातलं १० ते १५ टक्के वजन गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या हुकवर यायला पाहिजे, म्हणजे आमच्या केसमध्ये शंभराच्या आसपास, आणि तेवढं आपल्या गाडीच्या हुकला चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघायचं. मोजायला फार काही लागत नाही, कपलरखाली (ट्रेलरचा हुकवर बसणारा पुढचा भाग) लाकडी ठोकळा आणि त्याच्याखाली बाथरूममधला वजनकाटा. आमच्या ट्रेलरची ६० लिटरची पाण्याची टाकी बनवणाऱ्याने ॲक्सलच्या मागे बसवलीय, का ते त्यालाच माहीत, ती भरली की मागे ६० किलो वाढले आणि हुकवरचं वजन घटलं, आणि मग ताशी ७० च्या वेगापुढे ट्रेलरचं शेपूट डुलायला लागतं. त्यामुळे आम्ही टाकी रिकामी नेतो आणि मुक्कामावर भरतो. डुलायला लागलाच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने सावरायचं नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा बस.

रस्ता आम्ही उसगाव, धारबांदोडा, मोलें, अनमोड, रामनगर, अळणावर, धारवाड असा घेतला, रामनगरपासून पुढे होस्पेटपर्यंत एनएच ६७ च आहे. नुसती गाडी असती तर एका दिवसात हंपी सहज झाली असती, सव्वातीनशेच्या आतच आहे. ट्रेलर लावून मात्र पहिला मुक्काम धारवाडला टाकला आणि तो निर्णय बरोबर ठरला, कारण घाट चढून, माकडांना चुकवून, रामनगरला चहा घेऊन पोचेपर्यंत दुपार टळलेली. निघाल्यावर पहिल्या ५०-६० किलोमीटरला थांबून चाकांचे नट परत आवळायचे आणि हब (चाकांचा मधला भाग) हाताने चाचपायचे, एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागलं तर बेअरिंग बघून घ्यायचं.

आता मुक्काम. हॉटेलवाल्याला फोन करून "पार्किंग आहे का" विचारलं की तो "है ना सर, बहुत बडा" म्हणतो, त्याला अर्थ नाही. विचारायचं ते असं: गेट किती फूट रुंद, वर कमान किंवा लोंबणारी वायर आहे का, लॉरी आत वळून पुढच्या तोंडाने बाहेर येते का. लॉरी म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर बरोबर चित्र येतं. आम्ही तर फोटो मागवतो. शक्यतो जिथून रिव्हर्स न घेता निघता येईल अशीच जागा. रिव्हर्स जमतो, गावच्या फुटबॉल मैदानावर सकाळी सकाळी सराव केला, स्टिअरिंगच्या तळाला हात धरायचा आणि ट्रेलरचं बूड जिकडे पाहिजे तिकडे हात न्यायचा, पण दिवसभर चालवून आल्यावर, मुलं भुकेली, मागून चार जण "आने दो आने दो" ओरडतायत, अशा वेळी तो नको वाटतो. हंपीत तर देवळांच्या बाजूला नेलाच नाही, होस्पेटकडे एका होमस्टेच्या आवारात सोडला आणि एसयूव्ही सुटी करून फिरलो. ट्रेलरचा हाच मोठा फायदा, व्हॅनसारखं घर घेऊन हिंडावं लागत नाही. सुटा करताना आधी चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायची पाचर), मग हँडब्रेक, मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं छोटं टेकू चाक) खाली, मग कपलर, हा क्रम बदलायचा नाही.

परतीला अनमोड उतरताना खरी परीक्षा. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात, म्हणजे तुम्ही सतत ब्रेकवर पाय ठेवलात की ट्रेलरच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतच राहणार. उसगावच्या एका टिपरवाल्याने आधीच सांगितलेलं, "भाऊ, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा." तेच केलं, मोलेंला थांबून हात लावला तर ड्रम कोमट.

गोव्यातच फिरवायला घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बीचवर लावून चूल पेटवायचं स्वप्न असेल तर २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, आणि वाळूत गाडी न्यायलाही बंदी. फेरीबोटीच्या नादी पण लागू नका, ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि ॲक्सलच्या मागे एवढा लांब बूड असलेला ट्रेलर तिथे घासणारच.

पावसाळा मात्र महागात पडला. चवथीच्या आधी दार उघडलं तर गाद्यांना बुरशी, ओट्याखालचं प्लायवूड फुगलेलं, खाऱ्या हवेने बिजागऱ्या लाल. आता गाद्या घरात, कपाटं उघडी, वरची खिडकी बोटभर उघडी आणि वर पत्र्याची शेड. नुसती ताडपत्री टाकली तर आत दमटपणा कोंडतो. आणि माडाखाली लावायचा नाही, हे गोव्यात सांगायला लागू नये पण लावणारे आहेत.

फ्रीज आणि दिवे १०० अँपियर-अवरच्या लिथियम बॅटरीवर रात्र आरामात काढतात, त्याबद्दल तक्रार शून्य. पोर्टापॉटी आईला पसंत पडली, रिकामी करायला मला नाही. रजिस्ट्रेशन विसरू नका, कायद्याने ट्रेलर हे स्वतःच वाहन आहे, त्याचे कागद वेगळे.

पुढची ट्रिप कारवारमार्गे गोकर्ण आणि मुरुडेश्वर, एनएच ६६ ने, घाट जवळजवळ नाहीच. गोकर्णात १० फुटी गेट आणि लॉरी वळेल एवढं आवार कुणाला माहीत असेल तर सांगा, नसेल तर कुमट्याला लावून जाऊ.