हफेईजवळच्या शेतघरातलं जेवण, आणि काकांचं जुनं कार्ड

कामामुळे दीड वर्ष झालं चीनमधल्या हफेईत आहे, गेल्या रविवारी ऑफिसमधला मित्र शहराबाहेर एका नोंगज्यालेला घेऊन गेला. नोंगज्याले म्हणजे शेतकऱ्याच्याच घरी जेवण. अंगणात चार टेबलं, आत मोठी चूल, तिच्यावर लोखंडी कढई, रांधायला काकू स्वतः. गावठी कोंबडीचं सूप एक नंबर!! कढईच्या तळाची भाताची खरवड त्याच सुपात बुडवून खायची, बस. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, पालेभाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात. टोफू ठीकठाक.

बिल मात्र बघण्यासारखं. घरमालक काका प्रत्येक पदार्थ वेगळा लिहितात, चहासुद्धा, आणि शेवटी बेरीज वाचून दाखवतात. मित्राने कारण विचारलं तर काका आतून एक मळकं, कडा फाटलेलं कार्ड घेऊन आले, नव्वदच्या दशकात घरोघरी वाटलेलं, शेतकऱ्यावर कसला किती भार आहे ते लिहायचं. नियम १९९१ चा, गाव आणि टाउनशिप (म्हणजे काही गावं मिळून असलेला सरकारचा सगळ्यात खालचा स्तर) यांची वसुली मागच्या वर्षीच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर जायची नाही. पण कार्डावर एक आकडा आणि दारात आलेला माणूस मागायचा दुसराच, शाळेसाठी, रस्त्यासाठी, डुक्कर कापलं नाही तरी डुक्कर कापण्याचा कर. वर श्रमदानाचे दिवस, नाही गेलं की त्याचे पैसे. मित्र म्हणाला १९९४ मध्ये कराची वाटणी बदलली, मोठा वाटा वर केंद्राकडे गेला आणि शिक्षकांचे पगार वगैरे खर्च खालीच राहिले, म्हणून टाउनशिपवाले शेतकऱ्याच्या मागे लागायचे. मला हे पटतं, पण ज्याच्याकडे दोन एकरसुद्धा जमीन नाही त्याच्याकडून ते काढायचं हे अजिबात पटत नाही.

२००० मध्ये फी बंद करून एकच कर ठेवायचा प्रयोग याच आन्ह्वेई प्रांतात आधी झाला, शेतीकर ७ टक्के आणि त्यावर अधिभार, मिळून जास्तीत जास्त ८.४. आणि १ जानेवारी २००६ पासून देशभर शेतीकरच रद्द. पहिल्यांदा वसुलीला कोणी आलं नाही त्या वर्षाबद्दल सांगताना काका दाराकडेच बघत होते, मला काही बोलायलाच सुचलं नाही.

बसने जाऊ नका, शेवटचे दोन किलोमीटर चालावं लागतं. सूप हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, कोंबडी सकाळीच चुलीवर चढते. पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत, त्यांना इथेच नेणार.